करंट परत कुठून जातो?

नागपुरात लहान पोरालाही विजेचा एक नियम तोंडपाठ असतो. ओल्या हाताने, अनवाणी पायांनी कूलरला हात लावायचा नाही; पाणी भरायचं तर आधी प्लग काढायचा. तरी दर उन्हाळ्यात विदर्भातल्या कुठल्या ना कुठल्या घरातून कूलरचा करंट लागून कोणी गेल्याची बातमी येतेच. पत्रा, पाणी, ओली फरशी आणि माणूस यांच्यातून वीज कशी वाट काढते, हे आपण फार महागात शिकलो आहोत.

आमच्या भागात कूलर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. मी इलेक्ट्रिकल शिकवतो, ते इलेक्ट्रिकल करतात, म्हणून आमचं जमतं. त्यांच्या धाकट्या मुलाची नजर पंधराव्या वर्षी गेली. डोळे बाहेरून ठणठणीत, पण डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसा सुकल्या. एके दिवशी त्यांनी मोबाईलवर आलेला एक व्हिडिओ माझ्यापुढे धरला. मेंदूत चिप बसवणार आणि आंधळ्याला दिसणार, असा त्याचा मथळा.

"सर, हे आपल्या इकडे कधी येऊन राहिलं?"

मी मला जमेल तसं समजावलं. डोळा आणि नस दोन्ही वगळून थेट मेंदूच्या मागच्या भागात बारीक तारा बसवायच्या, त्यांतून अगदी कमी करंट सोडायचा, की माणसाला उजेडाचे ठिपके दिसतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण सर, करंट वापस कुठून जाते?"

मेंदू आणि यंत्र या विषयावर मी बरीच भाषणं ऐकली आहेत. श्रोत्यांतून हा प्रश्न आलेला आठवत नाही. आणि संगणकावर मेंदूच्या विद्युत उत्तेजनाचं मॉडेल (मेंदूत सोडलेली वीज कुठवर जाईल याची गणिती नक्कल) जे लोक करतात, त्यांच्या कामाची सुरुवातच या प्रश्नापासून होते. हे मॉडेल प्रयोगशाळेत आणि कंपनीच्या कपाटात न ठेवता रुग्णाने सही करण्याआधी त्याच्यासमोर उघडलं पाहिजे, ते कोणाच्या डोक्यावरून बेतलंय हे त्याला सांगितलं पाहिजे, आणि त्याची तपासणी उपकरण विकणाऱ्याच्या हातात नसावी, असं माझं म्हणणं आहे. मिस्त्रींचा प्रश्न ऐकल्यापासून "सामान्य माणसाला यातलं काय कळणार" हे उत्तर मी कोणाकडूनही ऐकून घेत नाही.

आधी त्या प्रश्नाचं उत्तर. पार्किन्सनच्या रुग्णांसाठी मेंदूत खोलवर तार बसवण्याची आजची पद्धत फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे १९८७ मध्ये बेनाबीद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. तिच्यासाठी वर्षानुवर्षं वापरात असलेल्या तारेच्या टोकाला दीड-दीड मिलिमीटर उंचीची चार धातूची कडी असतात. परतीची वाट बहुतेकदा छातीत कातडीखाली बसवलेल्या डबीची असते. म्हणजे बॅटरीचं धातूचं कवच हाच न्यूट्रल. करंट मेंदूतून निघतो आणि मान उतरून छातीपर्यंत येतो. तीच परतीची वाट शेजारच्या कड्याकडे वळवली की विजेचा पसारा आकसतो. हा फरक कळीचा आहे. ज्या केंद्रकाला (मेंदूपेशींच्या पुंजक्याला) गाठायचं ते जेमतेम वाटाण्याएवढं, आणि त्याला लागूनच हातापायांच्या, चेहऱ्याच्या हालचालींचे तंतू जातात. वीज तिकडे सांडली की रुग्णाचं तोंड ओढलं जातं, जीभ जड होते.

वीज कुठे सांडेल हे तारेकडे बघून कळत नाही. "करंट सगळ्यात सोप्या वाटेने जातो" असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. तो मिळतील त्या सगळ्या वाटांनी जातो. जिथे अडथळा कमी तिथून जास्त, जिथे जास्त तिथून कमी. मेंदूभोवतीचं पाणी विजेला फार सोपं. कवटीचं हाड त्याहून शंभरपटीने आणि अधिकही अवघड. मेंदूचा करडा भाग या दोहोंच्या मधला. पांढऱ्या भागात तंतूंच्या दिशेने सोपं, आडवं जायचं तर कठीण, लाकूड जसं रेषेने सहज चिरतं तसं. म्हणून एमआरआयवरून अख्ख्या डोक्याचे संगणकात लाखो बारीक तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याला त्याची वाहकता देतात आणि कुठे किती विद्युतदाब पोहोचतो याचं गणित मांडतात.

गणिताचा दुसरा अर्धा भाग चेतातंतूचा. नुसता विद्युतदाब पोहोचला म्हणून तंतू पेटत नाही. तंतूच्या लांबीवर तो दाब किती झपाट्याने बदलतो यावर ते ठरतं. त्यामागची समीकरणं हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये माखलीसारख्या एका समुद्री प्राण्याच्या जाड तंतूवर प्रयोग करून दिली. केंब्रिजचा संगणक तेव्हा उपलब्ध नव्हता, तेव्हा हक्सली यांनी हाताने फिरवायच्या दांड्याच्या गणनयंत्रावर ती आकडेमोड केली. पुढे दोघांना नोबेल मिळालं. आज तेच गणित कॉलेजातल्या पोराच्या लॅपटॉपवर डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतं, आणि 'न्यूरॉन' नावाची त्यासाठीची प्रणाली फुकट मिळते.

हे सगळं नसताना काय होत होतं, याची एक गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात आहे. १८७४ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीमध्ये रॉबर्ट्स बार्थोलो या डॉक्टरांनी मेरी रॅफर्टी नावाच्या मोलकरणीच्या मेंदूत सुया खुपसून वीज सोडली. कर्करोगाच्या जखमेने तिची कवटी खाऊन टाकली होती, मेंदू उघडा पडला होता. थोड्या करंटने हातपाय हलले. मग करंट वाढवला. तिला झटके आले, आणि काही दिवसांत ती गेली. बार्थोलो यांनी ते सगळं वैद्यकीय नियतकालिकात छापलं, टीका झाल्यावर खेदही व्यक्त केला. किती वीज कुठवर पसरते हे मोजायला तेव्हा दुसरं साधन नव्हतं. मॉडेल म्हणजे ती बाई होती.

म्हणून संगणकी मॉडेलला "नुसतं गणित" म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण त्या मॉडेलच्या रंगीत चित्राला भुलणाऱ्यांशीही जमत नाही. लाल-पिवळ्या-निळ्या डागांचा मेंदू मोठ्या पडद्यावर फिरताना दाखवला की समोरचा गप्प होतो. इथे नागपुरातच एका खासगी सल्लागाराच्या खोलीत मी तसं चित्र पाहिलंय. कपाळावर ओले स्पंज लावून मेंदूला वीज देण्याच्या उपचाराची जाहिरात होती. मी विचारलं, हे डोकं कोणाचं? त्यांना माहीत नव्हतं. चित्र यंत्राबरोबर आलं होतं.

खरं तर तशा उपचाराबद्दल चांगली मोजमापं झालेली आहेत. मृतदेहांवर केलेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की डोक्यावर बाहेरून लावलेल्या करंटपैकी सुमारे पाऊण हिस्सा कातडी आणि कवटीच खाऊन टाकतात. अपस्मारासाठी मेंदूत आधीच तारा बसवलेल्या रुग्णांनी परवानगी दिली, तेव्हा जिवंत मेंदूतही मोजलं गेलं. नेहमीच्या २ मिलिअँपिअरला आत पोहोचणारं विद्युतक्षेत्र दर मीटरला १ व्होल्टच्याही आत भरलं. त्या मोजणीवरून मॉडेल दुरुस्त केली गेली. मॉडेलची इभ्रत अशी राखली जाते. रंगांनी नाही राखली जात.

आता दृष्टीकडे येतो, कारण मिस्त्रींच्या घरातला प्रश्न तो आहे.

१९६८ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिंडली आणि लेविन यांनी एका ५२ वर्षांच्या अंध बाईच्या मेंदूच्या मागच्या भागावर ८० इलेक्ट्रोड (वीज सोडणारी धातूची टोकं) बसवले. तिला उजेडाचे ठिपके दिसले. पण काही इलेक्ट्रोडनी एकाऐवजी अनेक ठिपके दाखवले. एक तार म्हणजे एक ठिपका हा हिशेब पहिल्याच माणसात चुकला होता. तरी ती कल्पना मेली नाही. अजूनही प्रत्येक नव्या यंत्राची जाहिरात इलेक्ट्रोडच्या संख्येवरच होते, जणू मोबाईलच्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल.

डोळ्याच्या पडद्यावर बसवायचं 'आर्गस टू' नावाचं ६० इलेक्ट्रोडचं यंत्र युरोपात २०११ ला आणि अमेरिकेत २०१३ ला मंजूर झालं. किंमत सुमारे दीड लाख डॉलर. जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांनी ते बसवून घेतलं. पडद्यावर इलेक्ट्रोड जिथे टेकतो तिथून दुसऱ्या भागांतले लांबलचक तंतूही नसेकडे निघालेले असतात. वीज त्यांनाही पेटवते, आणि माणसाला ठिपक्याऐवजी रेघोटी दिसते. कुठल्या इलेक्ट्रोडला कशी रेघोटी दिसेल हे तंतूंच्या नकाशावरून आधी सांगता येतं, असं मॉडेल करणाऱ्यांनी नंतर रुग्णांनी काढलेल्या चित्रांशी ताडून दाखवलं. नंतर. इथे माझा राग आहे. माणसं पैसे मोजून, भूल घेऊन, डोळा उघडून झाल्यावर.

आणि २०१९ मध्ये कंपनीने ते यंत्र बनवणंच थांबवलं. पुढच्या वर्षी बहुतेक कर्मचारी काढून टाकले. ज्यांच्या डोळ्यात यंत्र होतं त्यांना सुटा भाग मिळेना. बिघडलं तर दुरुस्त करणारं कोणी उरलं नाही.

२०२४ चं एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या आयोन फाइन आणि जेफ्री बॉयंटन यांनी मेंदूत तारा बसवलेला एक आभासी रुग्ण संगणकात तयार केला. त्याला मांजराचा व्हिडिओ दाखवला. पडद्यावर ४५,००० पिक्सेल असले तर मांजर स्वच्छ दिसतं. मग त्या आभासी रुग्णाच्या मेंदूत ४५,००० इलेक्ट्रोड बसवले. मांजर पुसट, धूसर, जेमतेम ओळखू येईल असं निघालं. कारण मेंदूतली पेशी म्हणजे पिक्सेल नाही. प्रत्येक पेशी दृश्याचा एक तुकडा सांभाळते, त्याचा आकार वेगळा, कल वेगळा, आणि शेजारणीच्या तुकड्यावर तो चढलेला असतो. इलेक्ट्रोड पेटवला की ठिगळ दिसतं. ठिगळं कितीही वाढवली तरी त्यांची बारीक जाळी होत नाही. त्याच वर्षी एलॉन मस्क यांनी मात्र जाहीर केलं होतं, की त्यांच्या कंपनीचं यंत्र सुरुवातीला जुन्या निन्टेंडो खेळासारखं दाखवेल आणि पुढे कदाचित माणसाच्या नजरेलाही मागे टाकेल. मिस्त्रींच्या मोबाईलवर पोहोचलं ते मस्क यांचं वाक्य. मांजर पोहोचलं नाही.

मला वाटतं, मॉडेलचं सगळ्यात मोलाचं काम 'नाही' म्हणण्याचं आहे. आणि नेमकं तेच काम करायला विकणारा त्याला सांगत नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. कानाच्या आतल्या यंत्राचा, कॉक्लिअर इम्प्लांटचा, इतिहास पाहा. निरोगी कानात साडेतीन हजारांच्या आसपास ऐकवणाऱ्या केसपेशी, श्रवणनसेत तीस हजारांच्या घरात तंतू. त्यांच्या जागी मोजून काही तारा घालून बोलणं काय कळणार, असं साठ-सत्तरच्या दशकातले भलेभले तज्ज्ञ म्हणत होते. आज त्याच यंत्रांमुळे जन्मतः बहिरी मुलं शाळेत जाऊन कविता म्हणतात. तेव्हाच्या हिशेबाचं ऐकलं असतं तर? मॉडेलला 'नाही' म्हणायचा अधिकार दिला तर उद्याची अशीच एखादी गोष्ट आज मारली जाणार नाही का?

मी या आक्षेपाशी बरेच दिवस झगडलो. उत्तर त्याच इतिहासात सापडलं. तो वाद ना डॉक्टरांच्या उत्साहाने मिटला ना तज्ज्ञांच्या नकाराने. अमेरिकी सरकारच्या पैशातून बिल्गर यांच्या गटाने तोवर यंत्र बसवलेल्या १३ रुग्णांची स्वतंत्रपणे तपासणी केली आणि १९७७ मध्ये अहवाल दिला. एका तारेच्या त्या यंत्राने बोलणं नुसतं ऐकून कळत नाही, पण ओठ वाचायला खरी मदत होते, असा मोजूनमापून निष्कर्ष. पुढची वाट त्यातून खुली झाली. शिवाय १९९५ मध्ये एक मजेदार प्रयोग झाला: धडधाकट कानांच्या लोकांना आवाजाचे फक्त चार पट्टे करून, आतला बारकावा पुसून, बोलणं ऐकवलं. शांत खोलीत त्यांना ते बऱ्यापैकी समजलं. म्हणजे दुरुस्त केलेलं मॉडेल 'हो' म्हणालं. चुकलेल्या मॉडेलवर उपाय म्हणजे तिसऱ्याने येऊन केलेली तपासणी. मॉडेल बंद कपाटात असलं तर तिसरा येणार कसा?

त्या चार पट्ट्यांच्या प्रयोगातली वाक्यं इंग्रजी होती. आमच्या वर्गातल्या दोन मुलींनी तसाच प्रकार मराठी शब्दांवर हौसेखातर करून पाहिला. 'दार' आणि 'धार', 'वेल' आणि 'वेळ', 'ताट' आणि 'ताठ'. प्रयोग म्हणावा इतकाही तो नव्हता, म्हणून निकाल सांगत नाही. पण ऐकताना 'वेल' की 'वेळ' यावरून वर्गात जे भांडण जुंपलं, त्यावरून एवढं कळलं की आपल्या भाषेसाठी हे नीट बसून तपासायला हवं. नागपुरात ज्या मुलांच्या कानात ही यंत्रं बसतात ती घरी मराठी, वऱ्हाडी, हिंदी, गोंडी ऐकतात.

डोक्याचंही तेच. मेंदूची मॉडेलं ज्या प्रमाण नकाशावर बेततात, त्यांतला सर्वाधिक वापरातला मॉन्ट्रियलमधल्या १५२ तरुण माणसांवरून केलेला आहे. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ मध्ये १०० भारतीयांवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला, तेव्हा आपल्या मेंदूची मापं पाश्चात्त्य नमुन्यापेक्षा सरासरीने कमी भरली. (अकलेचा आणि या मापांचा संबंध जोडून व्हॉट्सॲपवर विनोद करणाऱ्यांनी इथे थांबावं.) विजेच्या दृष्टीने मात्र मिलिमीटरला किंमत आहे. इलेक्ट्रोड आणि तंतू यांच्यातलं अंतर दुप्पट झालं की तो पेटवायला करंट ढोबळमानाने चौपट लागतो. कॅनडातल्या डोक्यावर बेतलेलं माप विदर्भातल्या डोक्याला लावताना हा फरक कोणी तपासायचा? माझ्या मते आपणच, आणि इथेच. व्हीएनआयटी या इथल्या अभियांत्रिकी संस्थेत गणित आणि संगणक जाणणारी पोरं आहेत. मेडिकल आणि मिहानमधलं एम्स ही सरकारी रुग्णालयं या शहरात आहेत. रुग्णाच्या संमतीने, चेहरा पुसून, एमआरआय मॉडेलसाठी वापरायला प्रचंड पैसा लागत नाही. यंत्रांच्या पेट्यांची खरेदी करायला लागतो, मॉडेल तपासायला तेवढा नाही. मेंदूशास्त्र म्हणजे बंगळूरु-चेन्नईचं काम, अशी आपण समजूत करून घेतली आहे. ती झटकायला हे काम बरं.

पैशाचा मुद्दा आलाच आहे तर. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या अडिप योजनेत मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी पैसे मिळतात. चांगली योजना आहे. हा पैसा तुमचा-माझा आहे, म्हणून काही मागण्याचा अधिकारही आहे. मेंदूत किंवा चेतातंतूंजवळ वीज सोडणारं कुठलंही यंत्र सार्वजनिक पैशातून घेताना कंपनीने त्याचं मॉडेल, त्यातली गृहीतकं आणि ते कोणाच्या शरीरावर ताडून पाहिलं, हे खुलं करावं. रुग्णाला काय दिसेल, काय ऐकू येईल याची नक्कल संमतीपत्राबरोबर त्याच्या भाषेत दाखवावी. आवाजाची असेल तर ऐकवावी, दृश्याची असेल तर घरच्यांना दाखवावी. कंपनी बुडाली तर सुटे भाग आणि आराखडे कोणाकडे जातील, हे आधी लेखी असावं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये उपकरणांच्या अर्जांतल्या संगणकी मॉडेलवर विश्वास कधी ठेवायचा याची मार्गदर्शिका काढली. पण तो कागद कंपनी आणि सरकार यांच्यातला. रुग्ण त्यात पाहुणाही नाही.

काही डॉक्टर मित्र म्हणतात, अशी धूसर मांजरं दाखवलीत तर लोक घाबरून चांगले उपचारही नाकारतील. असेल. पार्किन्सनने थरथरणाऱ्या आजोबांना तार बसवून स्वतःच्या हाताने चहा पिताना मी पाहिलंय. ती संधी कोणी भीतीने गमवावी असं मला वाटत नाही. पण तिथे मॉडेल घाबरवणारच नाही, कारण तिथे सांगण्यासारखं 'हो' आहे. जिथे दाखवायला भीती वाटते, तिथे नेमकं काय लपवायचंय हे एकदा बोलावं.

मागच्या महिन्यात मी त्या आभासी मांजराची नक्कल घेऊन मिस्त्रींच्या दुकानात गेलो. कूलरच्या उघड्या पंख्यामागे खुर्ची टाकून मुलगा बसला होता. तो आता वाइंडिंगच्या तारा बोटांनी मोजून वेटोळी करतो. बापाने मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"काय दिसते, बाबा?" पोराने विचारलं.

"काहीतरी हलून राहिलं."

"काय?"

"सर म्हणतात मांजर आहे."

पोरगं हसलं. म्हणालं, "एवढं तर मला आत्ताही समजते. दुकानात येते ना रोज." मग वेटोळं खाली ठेवून माझ्या दिशेने वळलं. "काका, ते बिघडलं तर उघडून पाहता येते का? का पुरी पेटीच कंपनीला वापस पाठवा लागते?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी आर्गसची गोष्ट सांगायला सुरुवात केली.